गोधड्यांचं प्रदर्शन पुढच्या जानेवारीत: वर्षभराचं गणित कसं मांडायचं?

टाकेवाली

जानेवारीअखेर गोधड्यांचं छोटं प्रदर्शन आणि तोवर महिन्याला दोन वर्ग, असा बेत आहे. ‘वर्षात किती गोधड्या होतील?’ हा प्रश्न बहुतेक वेळा उलट्या टोकाने विचारला जातो, म्हणून आधी टाक्यांचा हिशेब मांडते. चुकत असेल तिथे टोका.

मोठी गोधडी तयार ६० बाय ८४ इंच धरली आहे. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर, म्हणजे ८४ इंचांच्या १२० ओळी. १०,०८० इंच, मीटरमध्ये २५६. उभ्या ओळी घाला नाहीतर कडेकडेने आत फिरत जा, लांबी जवळपास तेवढीच भरते. पाच पदरांतून, म्हणजे कापडाच्या पाच थरांतून, इंचाला चार टाके घालणाऱ्या सरावाच्या हाताला मीटरभर ओळीला ८ ते १० मिनिटं लागतात. ३४ ते ४३ तास झाले. धुणं, इस्त्री, कापणं, पदर अंथरणं, कच्चा दोरा (पदर सरकू नयेत म्हणून घातलेले तात्पुरते टाके), गोट (काठाची पट्टी) यांचे आठ-दहा तास वेगळे. म्हणजे एका गोधडीला ५० तास. ३६ इंच चौरस दुपट्याला याच मापाने ६६ मीटर टाका, सगळं धरून १२ तास.

मनात सहा मोठ्या आणि दहा दुपटी आहेत. ४२० तास. आठवड्याला दहा तास खरोखर हाती लागतात असं धरलं तर ४२ आठवडे. त्यात वर्ग आले. तीन तासांचा वर्ग सात तास खातो: संच कापणं, जाणं-येणं, आवराआवर आणि नंतरच्या फोनवरच्या शंका. वर्षाला १६८ तास, साधारण १७ आठवडे. ४२ आणि १७ मिळून ५९ झाले, वर्षात आठवडे ५२. म्हणून मोठ्या चारच. मग ३२ आणि १७, एकूण ४९. उरलेले तीन आठवडे गणपती, दिवाळी आणि पाहुण्यांचे.

क्रम असा ठरवलाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापड गोळा करून धुवायचं. मेअखेर, पाऊस लागायच्या आत, चारही गोधड्यांचे पदर अंथरून कच्चा दोरा घालून ठेवायचा, कारण त्याला मोकळी फरशी आणि कोरडी हवा लागते. जून ते नोव्हेंबर मांडीवर घेऊन नुसते टाके. डिसेंबरात नवं काहीही सुरू करायचं नाही. गोट, टांगायचे नेफे, फोटो, पाट्या एवढंच.

कापड किती जमवावं, रंग उतरण्याचं काय करावं, दालनात टांगावं कसं आणि किंमत काय लावावी, या चार गोष्टींवर जाणकारांनी लिहा.

नगरची_सुई

कापडाचं सांगते. ६० इंच तयार हवी तर ६२ इंचांचे तुकडे कापा. टाके पडले की गोधडी आखडते, तेव्हा दीड-दोन इंच जादा लागतातच. साडेपाच मीटरच्या साडीतून ६२ इंची तीन तुकडे निघतात, पन्हा ४५ इंच. असे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की ६२ बाय ८८ चा एक पदर होतो. पाच पदरांना दहा तुकडे, म्हणजे तीन साड्या आणि वर एक तुकडा. नऊवारीतून पाच तुकडे निघतात, तेव्हा कागदावर दोन लुगड्यांत गोधडी होते.

कागदावर म्हटलं, कारण नेसून झालेल्या लुगड्याचा बसायचा भाग विरलेला असतो. तुकडा दिव्यासमोर धरा. विणीतून उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर तो आतल्या पदराला घ्या, आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ताणल्यावर कर्रकन आवाज आला तर मुळीच घेऊ नका. तसलं कापड टाक्याच्या भोकाभोकातून फाटतं आणि मग दुरुस्त करायला जागाच राहत नाही. हिशेबाला लुगड्याचे चारच तुकडे धरा, तीन लुगडी लागतील.

आणखी एक. प्रत्येक पदराचा जोड बरोबर मध्यावर आला तर पाच जोड एकावर एक बसतात, तिथे सुई अडते आणि गोधडीला कणा येतो. एका पदराआड एका पदराला ४५ चे दोन तुकडे न घेता मध्ये ४५ आणि दोन्ही बाजूंना साडेबावीस-साडेबावीस असे जोडा.

जॉर्जेट, नायलॉन, टेरिकॉट कितीही सुंदर असो, घेऊ नका. सुती पदर पाण्यात आटतो, तो आटत नाही, आणि दोन धुण्यांत फुगे येतात. नवं मांजरपाट अस्तराला लावणार असाल तर आधी दोनदा धुवा. कोरं लावलंत तर पहिल्या धुण्यात तेच आटतं आणि वरचा भाग चुण्या पडून गोळा होतो.

आंबट_गोड

आणि दोरा? मी रिळाचा दोन पदरी घेते, पण तो फार गुंततो.

नगरची_सुई

गुंततो कारण लांब घेत असणार. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, ४५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. लांब दोरा ओढायला वेळही जास्त जातो आणि दर टाक्याला घासून पिसारतो. मी ८ नंबरचा पर्ल कॉटन वापरते. १० ग्रॅमच्या गुंडीत साधारण ८० मीटर असतो. २५६ मीटर ओळीला जाडीतला वर-खाली प्रवास आणि टोकं धरून ३३० मीटर लागतो, म्हणजे पाच गुंड्या. पाचही एकदम, एकाच रंगतुकडीच्या घ्या. पाचवी गुंडी दोन महिन्यांनी आणली की निळा तोच नसतो, आणि ते बरोबर मध्यावर दिसतं.

दाभण वापरू नका. पाच पदरांना लांब आणि बारीक सुई लागते. दाभणाची भोकं सुती साडीत मिटत नाहीत.

रंगारी

रंग जायची परीक्षा साड्या कापायच्या आधी करायची, नंतर नाही. साडीचा कोपरा ओला करा, पांढऱ्या मलमलच्या दोन तुकड्यांमध्ये धरा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा. मलमलवर डाग आला तर साडी धुवून पुन्हा तेच. तीन धुण्यांनंतरही डाग येत असेल तर ती साडी गडद रंगांच्या शेजारी वापरा, पांढऱ्याच्या शेजारी नको. लाल, मरून आणि गर्द जांभळा यांच्यावर कधीही विश्वास ठेवू नये. काठाचा रंग वेगळा रंगवलेला असतो, म्हणून अंग पास झालं तरी काठ वेगळा तपासा.

मीठ आणि व्हिनेगरने रंग पक्का होतो हे घरोघरी सांगितलं जातं. आजच्या रंगांवर त्याचा उपयोग होत नाही. मिठाच्या पाण्यात रंग तेवढ्यापुरता कमी सुटतो, पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा सुटतो.

तयार गोधडीत रंग पसरलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: वाळू देऊ नका. सुटलेला रंग शेजारच्या कापडावर वाळला आणि वर इस्त्री फिरली की मग हरी हरी. मोठ्या टबात, गोधडी पूर्ण तरंगेल इतक्या गरम पाण्यात चांगली साबण पावडर घालून रात्रभर बुडवून ठेवा. पाणी रंगीत झालं की बदला. पाणी नितळ राहीपर्यंत हेच. पाणी कमी पडलं तर सुटलेला रंग परत कापडावरच बसतो.

आणि हो, हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका. चांगला खळबळून उन्हात टाका, ऊन हळद खातं.

पाटावरवंटा

पदर अंथरण्यावर कोणी लिहिलं नाही, आणि अर्धी गोधडी तिथेच बिघडते.

आपली जुनी रीत अशी: अंगणात अस्तर अंथरायचं, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, त्यावर एकेक पदर हाताने निपटत घालायचा आणि काठापासून टाके सुरू करून फेऱ्या मारत आत जायचं. शिवणारी गोधडीवरच बसते. तिच्याच वजनाने खालचे पदर सरकत नाहीत, ही त्यातली खुबी. मध्यावर पोचताना हाताखालचं कापड थोडं थोडं आत ढकललं जातं. दर फेरीनंतर हात आडवा फिरवून मध्याकडून काठाकडे निपटलं नाही तर शेवटच्या फूटभर चौकोनात झोळ येतो. मग तो चुणी घालून लपवावा लागतो. गोधडी उलटी करा, झोळ लपत नाही.

कडेलोट

म्हणूनच मध्यापासून सुरू करावं. मध्यावर अधिकचं चिन्ह असल्यासारख्या दोन कच्च्या ओळी घाला, मग दर सहा इंचांवर उभ्या-आडव्या. टाके मध्यातून बाहेर. जादा कापड असेल ते काठाला निघतं आणि कापून टाकता येतं. हे इतकं साधं आहे.

पाटावरवंटा

साधं आहे, पण कच्च्या दोऱ्याला तीन तास जातात. शिवाय चौकोनात चौकोन ही जी गोधडीची ओळख, ती मध्यातून सुरू केली की काठाला समांतर बसत नाही. मधला पहिला चौकोन पाव इंच तिरका गेला की शेवटचा काठापाशी इंचभर तिरका दिसतो. काठापासून आलात तर तिरकेपणा मध्यात जमा होतो आणि फुलात किंवा फुलीत लपतो.

टाकेवाली

दोघांचंही घेते. कच्चा दोरा मध्यातून बाहेर, पक्का दोरा काठातून आत. कच्च्या ओळी वितीवर ठेवल्या तरी झोळ अडतो असं दिसतं.

कडेलोट

वितीवर तीन पदरांना चालेल. पाच पदरांना सहा इंचच ठेवा. आणि कच्चा दोरा पांढराच घ्या. गडद दोरा उसवताना त्याचे तंतू भोकात अडकतात.

दांडेलीकर

काठातून आत येणाऱ्यांची एक वेगळी शाळा आमच्या बाजूला आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हलियाळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. तिथे वरचा भाग आधी जोडून घेत नाहीत. जुन्या साड्या किंवा चादर खाली अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून ठिगळ, त्याची कड दुमडून, थेट त्यावर शिवत कडेने फिरायचं. पुढचं ठिगळ मागच्याच्या कडेखाली किंवा कडेवर. म्हणजे ठिगळं जोडणं, पदर बांधणं आणि नक्षी ही तिन्ही कामं एकाच दोऱ्यात होतात. वेगळी जोडणी नाही, कच्चा दोरा नाही. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेली त्रिकोणी ‘फुलं’. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या इतकी जवळची की बसून विचारलंत तर सगळं समजतं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग सेंटरमध्ये या कवंद्यांचं प्रदर्शन झालं होतं.

अडचण एकच: ठिगळाची कड आत दुमडल्याने तिथे कापड दुप्पट होतं आणि शेजारची कडही आली तर चौपट. म्हणून आतले पदर कमी ठेवा, दोन पुरेत. पाच पदरांवर कवंदी करायला गेलात तर बोटं सोलून निघतील.

वसंत_टेलर

ताई, हाताचं सगळं खरं, पण दहा दुपट्यांपैकी निम्मी मशीनवर घ्या की. १२ तासांची अडीच-तीन तासांत होतात.

काळ्या पायमशीनवर पाच सुती पदर आरामात जातात. सुई १४ नंबर, टाका ३ मिलिमीटर, दाबपट्टीचा वरचा स्क्रू दोन आटे सैल. तो सैल केला नाही तर दाबपट्टी वरचा पदर पुढे ढकलते, खालचे दात खालचा मागे ओढतात, आणि शेवटाला वरचं कापड अर्धा इंच पुढे येऊन बसतं. नव्या मशीनला वॉकिंग फूट मिळतो, तो वरूनही कापड चालवतो. घेतलात तर उत्तम. नसेल तर दर चार इंचांवर टाचणी लावा.

सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू करा. एक ओळ खाली, पुढची वर, असं केलंत तर प्रत्येक दोन ओळींमधलं कापड उलटसुलट ओढलं जाऊन तिरक्या लाटा पडतात. वेळ वाचतो म्हणून सगळे तसंच करतात आणि मग मशीनला नावं ठेवतात.

आंबट_गोड

वसंतराव, मशीनची गोधडी म्हणजे चादर हो!

वसंत_टेलर

असेल. पण तान्ह्या बाळाचं दुपटं रोज धुतलं जातं. रोजच्या धुण्याला मशीनचा टाका टिकतो. प्रदर्शनात पाटीवर ‘मशीनचा टाका’ असं ठळक लिहा म्हणजे झालं.

ऑस्टिनकर

वरचा भाग नव्या कापडाच्या तुकड्यांचा करणार असाल तर पाव इंची शिलाईबद्दल दोन शब्द. इकडे अमेरिकेत क्विल्टचं, म्हणजे इकडच्या गोधडीचं, सगळं माप पाव इंचावर चालतं: शिलाईपासून तुकड्याच्या कडेपर्यंतचं अंतर पाव इंच. समजा तुमची शिलाई पाव इंचाऐवजी एक सोळांश इंच जास्त पडली. दोन्ही तुकड्यांत मिळून एका जोडाला एक अष्टमांश इंच गेला. आठ तुकड्यांच्या ओळीत सात जोड, म्हणजे पाऊण इंचाहून अधिक गायब. शेजारची ओळ चार मोठ्या तुकड्यांची असेल तर तिथे तीनच जोड, तिचं जेमतेम तीन अष्टमांश जातं. दोन ओळी जुळणार कशा? लोक मग ओढून बसवतात आणि क्विल्ट जमिनीवर सपाट राहत नाही. आधी दीड इंचांच्या तीन पट्ट्या जोडून मधली मोजा. बरोबर एक इंच भरली पाहिजे. नाही भरली तर मशीनवर चिकटपट्टीची खूण सरकवा, मग पुढे जा.

अर्ध्या चौकोनाच्या त्रिकोणांना (चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून होणाऱ्या) तयार मापात सात अष्टमांश मिळवून चौकोन कापायचा. तीन इंच हवा तर तीन आणि सात अष्टमांश. आपल्याकडच्या कातरकामात मी चार इंच कापून, शिवून मग साडेतीनला छाटते. थोडं कापड जातं, वाद जातो.

बाहेरच्या प्रदर्शनांसाठी एक सूचना. ह्यूस्टनला दर शरदात भरणारा आंतरराष्ट्रीय क्विल्ट फेस्टिव्हल असो की दुसरं कुठलं निवडक प्रदर्शन, प्रवेशाची मुदत बरेच महिने आधी संपते आणि निवड फोटोंवरून होते. एक पूर्ण आणि एक जवळून घेतलेला, असे दोन फोटो लागतात. पूर्ण फोटोत चारही काठ दिसले पाहिजेत. जवळच्या फोटोला उजेड बाजूने टाका, समोरून टाकलात तर टाक्यांचे उंचवटे सपाट होतात. तेव्हा डिसेंबरात फोटो काढायचे म्हणता, ते घरच्या प्रदर्शनापुरतं ठीक आहे. बाहेर पाठवायची असेल ती गोधडी उन्हाळ्यातच पुरी व्हायला हवी.

शाळामास्तरीण

वर्गांवर लिहिते, कारण गोधड्या येणारे पुष्कळ, शिकवता येणारे थोडे.

पहिलं काम दुपट्याचं देऊ नका. पुरं होत नाही, आणि अर्धवट दुपटं कपाटात गेलं की बाई परत येत नाही. १८ इंच चौरस आसन द्या. तीन पदर, अर्ध्या इंचावर ओळी, साडेसोळा मीटर टाका. नव्या हाताला मीटरला १५ मिनिटं धरा, चार तास. तीन-तीन तासांचे दोन वर्ग: पहिला तास पदर आणि कच्चा दोरा, चार तास टाके, शेवटचा तास गोट. घरचा अभ्यास म्हणून मधल्या आठवड्यात दहा ओळी.

संचात काय: २० इंचांचे तीन तुकडे, इस्त्री करून. दोरा २२ मीटर पुठ्ठ्याला गुंडाळून, म्हणजे एका गुंडीत तिघी भागतात. गोटाला अडीच इंच रुंद आणि ८२ इंच लांब पट्टी, जोडून तयार. सरळ काठाला गोट आडव्या धाग्यावर कापला तरी चालतो. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना. नवशिक्यांच्या हातात उरेब दिलात तर ओढून लांबवतात आणि आसनाची वाटी होते.

एका शिकवणारीला आठ जणी, नववी घेऊ नका. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या एकदम अडतात. कारण ठरलेलं: दोरा फार ओढतात. दर चार टाक्यांनी ओळ बोटाने मागे निपटायला सांगा, ओढलेला दोरा सैल होतो. टाका मोठा असू दे, इंचाला तीन. लहान-मोठा नको. वरचा टाका आणि खालचा टाका सारखा आला की झालं.

डावखुरी असेल तर तिला शेजारी नाही, समोर बसवा. तुमचा हात तिला आरशासारखा दिसतो, काही सांगावं लागत नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी सुई ओवायची तार आणि उजेडाची जागा राखून ठेवा. खुर्च्या हव्यातच, दोन तास मांडी घालून बसणं सगळ्यांना जमत नाही. अंगुस्तान मधल्या बोटात घालायचं, तर्जनीत नाही. न घालणाऱ्या बाईच्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळा, दुसऱ्या वर्गाला ती स्वतःच अंगुस्तान मागते.

सुया मोजून द्या आणि मोजून घ्या. एखादी कमी भरली तर खोलीतून कोणी हलायचं नाही, लोहचुंबक फिरवून सापडल्यावरच चहा.

शुल्काचा हिशेब आठांवर करू नका, सहांवर करा. दोघी आयत्या वेळी गळतात. तुमच्या सात तासांचा मोबदला, खोलीभाडं आणि संचांचा खर्च यांची बेरीज भागिले सहा. संचाचे पैसे आगाऊ, परत नाहीत. हे एकदा सांगितलं की गळतीही कमी होते.

टाकेवाली

बाई, वर्गातल्या बायकांची आसनं प्रदर्शनात लावावीत का? त्यांचा उत्साह वाढेल.

शाळामास्तरीण

लावा, पण वेगळ्या भिंतीवर आणि सगळ्यांची. निवड केलीत तर पुढच्या वर्षी वर्ग रिकामा.

दालनवाला

टांगण्याचं मी सांगतो. पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनासारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही बऱ्या दालनात भिंतीला खिळा मारू देत नाहीत. वर पट्टी किंवा हूक असतात, त्यांवरून टांगायचं. आरक्षण करायच्या आधी तीन मापं घ्या: पट्टीची उंची, भिंतीची सलग लांबी आणि हुकांमधलं अंतर. ८४ इंच म्हणजे सात फूट. तळाला फूटभर मोकळं सोडलं तर वरची कड आठ फुटांवर गेली. पट्टी त्याहून खाली असेल तर गोधडी आडवी टांगावी लागेल, आणि तिची नक्षी उभी असेल तर नेफाही दुसऱ्या बाजूला लावावा लागेल. हे आदल्या रात्री कळून उपयोग नाही. रुंदीला ६० इंच आणि शेजारी दीड फूट मोकळं, म्हणजे एका गोधडीला साडेसहा फूट भिंत.

नेफा असा करा. ६० इंच रुंदीला ५८ इंच लांब, ९ इंच रुंद मांजरपाटाची पट्टी. लांबीवर दुमडून नळी शिवा, चार इंचांचा नेफा होतो. लावताना पूर्ण चपटा लावू नका. बाहेरच्या बाजूला अर्धा इंच ढिला ठेवा, म्हणजे नळीची जाडी त्या ढिलाईत बसते आणि गोधडीला समोरून आडवा फुगवटा येत नाही. हातशिलाई करा, आणि सुई फक्त अस्तरातून नको, आतल्या दोन पदरांतूनही गेली पाहिजे. पाच सुती पदरांची गोधडी दीड किलोच्या आसपास भरते. जुन्या साडीच्या एकट्या अस्तरावर ते वजन टाकलंत तर तिसऱ्या दिवशी ते टाक्यांच्या रेषेवर फाटतं.

नळी लाकडी किंवा ॲल्युमिनियमची, इंचभर जाडीची. विजेच्या वायरीची प्लास्टिकची पाच फुटांवर मध्ये वाकते आणि गोधडीचे खालचे कोपरे एकमेकांकडे येतात. दोन्ही टोकांना तंगूस. तंगुसाच्या जोड्या घरीच सारख्या मापाने कापून, फासे मारून न्या. दालनात शिडीवर उभं राहून मापं जुळवण्यात सकाळ जाते.

दिवे गरम असतील तर गोधडीपासून दूर ओढून घ्या. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सच्या वर उजेड ठेवत नाहीत. चार दिवसांच्या प्रदर्शनाला इतकं काटेकोर नको, पण खिडकीतलं थेट ऊन पडणारी भिंत रिकामी सोडा.

ऑस्टिनकर

नेफ्याचं अगदी बरोबर. इकडेही चार इंची नेफाच मागतात. एक भर घालते: मधोमध हूक असेल तर नेफा सलग न करता दोन भागांत करा, मध्ये दोन इंच मोकळे. नळीला मध्ये आधार देता येतो.

नगरची_सुई

एक गोधडी भिंतीला न लावता दालनाच्या मध्ये टांगा, दोन्ही बाजू दिसतील अशी. जाणकार येतो तो आधी उलटी बाजू बघतो.

पाटावरवंटा

किमतीवर कोणीच बोलत नाही! ५० तास गुणिले तासाला ऐंशी म्हटलं तरी ४,०००. वर दोरा, गोट, दालनभाड्याचा वाटा. पाच हजारांच्या खाली लावू नका. बचत गटाच्या स्टॉलवर दीड-दोन हजारांत मिळते म्हणून लोक घासाघीस करतील.

कडेलोट

स्टॉलवरच्या गोधडीत ओळी दीड-दोन इंचांवर असतात, पदर तीन. ती पंधरा तासांत होते, तिची किंमत तिच्या जागी रास्तच आहे. भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात फिरून मोजपट्टी लावून बघा. पाटीवर ओळींतलं अंतर आणि पदरांची संख्या लिहिलीत तर गिऱ्हाईकाला फरक स्वतःच दिसतो, वाद घालावा लागत नाही.

पाटावरवंटा

ओळीतलं अंतर लिहिणं पटलं. तास मात्र लिहू नका. लोक लगेच भागाकार करतात आणि ‘एवढे कसे लागले’ म्हणून विचारतात.

शाळामास्तरीण

उलट तासच लिहा. भागाकार करू देत.

रंगारी

प्रदर्शनाआधी साठवण नीट करा, नाहीतर नोव्हेंबरपर्यंत कसर लागलेली असेल. कसरीला खळ आवडते. त्यामुळे खळ घातलेली साडी खळ काढल्याशिवाय गोधडीत जाऊ नये, आणि तयार गोधडीला ‘कडक दिसावी’ म्हणून खळ तर मुळीच नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. पावसाळ्यात आतली ओल बाहेर पडत नाही आणि काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळ्या ठेवायच्या असतील तर पुरचुंडीत, कापडाला न टेकवता.

शक्य असेल तर नळीवर गुंडाळून ठेवा. घडीच घालायची तर महिन्याला घडी बदला, आणि एकदा तिरकी घाला. एकाच घडीवर सहा महिने राहिली की ती रेघ दालनातल्या दिव्यात स्पष्ट दिसते आणि इस्त्रीने जात नाही.

धुतल्यावर एका दोरीवर टाकू नका. ओली गोधडी कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते आणि दोरीच्या रेषेवर टाके ताणले जातात. तीन दोऱ्यांवर पसरून, उलटी बाजू उन्हाकडे.

आंबट_गोड

येणारे लोक हात लावतातच. ‘हात लावू नये’ पाटीचा काही उपयोग होतो का?

दालनवाला

शून्य. गोधडी म्हटलं की हात जातोच. दाराजवळच्या टेबलावर एक दोन फुटी तुकडा हात लावण्यासाठीच ठेवा. त्याच कापडाचा, त्याच टाक्याचा, आणि एका कोपऱ्यात पदर उघडे ठेवलेला, म्हणजे आत काय आहे तेही कळेल. टेबल दारातच हवं, आत ठेवलंत तर तोवर चार गोधड्यांना हात लागलेला असतो. चार दिवसांत तो तुकडा मळून काळा होतो, तेव्हा दोन करून ठेवा.

टाकेवाली

दोन फुटी दोन तुकडे. अर्ध्या इंचावर प्रत्येकी तीस मीटर टाका, दोन्हींचे मिळून दहा तास. म्हणजे उरलेल्या तीन आठवड्यांतला एक गेला.

वसंत_टेलर

म्हणून म्हणतो ताई, निम्मी दुपटी मशीनवर घ्या.